माळ्यावरची टेप : हरवलेली ध्वनिमुद्रणं सापडतात कशी?

(गंगापूर रोड, नाशिक इथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे. बाकी भाषा बोललो तशीच ठेवली आहे.)

मागच्या व्याख्यानानंतर बाहेर चहा घेत होतो, तेव्हा एक ताई आमच्याजवळ आल्या. पिशवीतून रुमालात गुंडाळलेली एक कॅसेट काढली. साठ मिनिटांची. वर निळ्या बॉलपेननं 'प्रॅक्टिस, ९४' एवढंच लिहिलेलं. त्यांच्या धाकट्या भावाचा कॉलेजात असताना बँड होता. याच रस्त्याला लागून असलेल्या एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये पोरं वाजवायची. सहा-सात महिने चाललं आणि मग परीक्षा, नोकऱ्या, झालं. भाऊ आता हयात नाही. ताईंनी विचारलं, "आमच्याकडे जुना टू-इन-वन आहे, त्यावर लावून बघू का?" आम्ही म्हटलं, कृपा करून लावू नका, थोडे दिवस थांबा.

आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचंच लांबलेलं उत्तर आहे असं समजा. विषय थोडा आडवळणाचा आहे. अगदी थोडा काळ जगलेले, कुणाला फारसे माहीत नसलेले, कानठळ्या बसवणारे बँड, आणि त्यांची हरवलेली ध्वनिमुद्रणं. सभागृहात काही आजी-आजोबा बसलेले दिसतायत. घाबरू नका, आवाज कमी ठेवणार आहोत.

आधी 'हार्डकोअर पंक' म्हणजे काय ते दोन मिनिटांत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत काही पोरांना रॉक संगीताचा कंटाळा आला. वीस-वीस मिनिटांची गाणी, मोठमोठी स्टेडियम, महागडी वाद्यं. यांनी उलटं केलं. गाणं एक-दीड मिनिटाचं, तीन-चार सूर, वेग मात्र दुप्पट. गाणारा गातो कमी, ओरडतो जास्त. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कंपनीची वाट बघायची नाही. रेकॉर्ड स्वतः काढायची, स्वतः विकायची.

वॉशिंग्टनमधल्या 'टीन आयडल्स' या बँडचं उदाहरण घ्या. शाळकरी वयाची मुलं. १९७९ मध्ये सुरुवात केली, १९८० मध्ये बँड मोडला. वर्षभरात कार्यक्रमांतून मिळालेले पैसे त्यांनी वाटून न घेता एका डब्यात साठवले होते, सहाशे डॉलरच्या आसपास. बँड मोडल्यावर प्रश्न आला, या पैशांचं काय करायचं? एखाद्या तळघरवजा स्टुडिओत केलेलं रेकॉर्डिंग हाताशी होतं. त्यांनी त्या पैशांतून हजार रेकॉर्ड्स छापून घेतल्या. आठ गाणी, सगळी मिळून दहा मिनिटांच्या आत. पाकिटं मित्रमंडळींनी घरी बसून कातरीनं कापली, गोंदानं चिकटवली. 'डिस्कॉर्ड' या लेबलची ही पहिली रेकॉर्ड. ते लेबल आजही चालू आहे.

आता गंमत बघा. बँड वर्षभर टिकला, पण ध्वनिमुद्रण हरवलं नाही. का? मूळ टेप त्यांच्याच घरात होती आणि तिचं काय करायचं ते ठरवणारेही तेच होते. ही साधी गोष्ट लक्षात ठेवा. पुढच्या प्रत्येक गोष्टीत आपण हाच प्रश्न विचारणार आहोत की मूळ टेप कुणाकडे होती?

आता डेट्रॉइटला जाऊ. काळ थोडा मागे, सत्तरच्या दशकाचा पूर्वार्ध. मोटारींचं शहर, आणि कृष्णवर्णीयांच्या संगीताचंही. मोटाउन कंपनी इथलीच. कृष्णवर्णीय तरुणानं वाजवायचं तर सोल किंवा फंक, हे जणू ठरलेलं. रॉक म्हणजे गोऱ्यांचं. हॅकनी कुटुंबातले तीन भाऊ आधी फंकच वाजवायचे. डेव्हिड गिटार, बॉबी बास गिटार आणि गाणं, डॅनिस ड्रम्स. मग डेव्हिडनं त्या काळचे मोठे रॉक बँड ऐकले आणि घरात जाहीर केलं की आपण यापुढे हेच वाजवायचं. आईनं घरातली खोली सरावाला दिली. शेजारपाजारचे वैतागले. ज्यांच्या घरात ड्रम वाजवणारं कार्टं आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

१९७४ मध्ये वडील गेले. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या एकाने केलेल्या अपघातात. त्यानंतर डेव्हिडनं बँडचं नाव बदललं आणि ठेवलं 'डेथ'. मृत्यू. त्याचं म्हणणं असं की मृत्यू हीसुद्धा जन्मासारखीच एक यात्रा आहे, तिला भ्यायचं कशाला. आपल्याकडे अभंग ऐकत वाढलेल्या माणसाला यात फार काही विचित्र वाटणार नाही. पण रेकॉर्ड विकणाऱ्या माणसाला वाटतं!

१९७५ मध्ये डेट्रॉइटच्या युनायटेड साउंड स्टुडिओत त्यांनी सात गाणी मुद्रित केली. आज ती ऐकली की अंगावर काटा येतो. न्यूयॉर्कचा आणि लंडनचा पंक अजून बाहेर यायचा होता आणि ही तीन पोरं तो वाजवून मोकळी झाली होती. क्लाइव्ह डेव्हिस हे रेकॉर्ड व्यवसायातलं बडं नाव. त्यांनी रस दाखवला, पण अट एकच, बँडचं नाव बदला. डेव्हिडनं नकार दिला. दोघा भावांना त्या वेळी हा वेडेपणाच वाटला असणार, पण थोरल्याचा शब्द त्यांनी मोडला नाही. करार झाला नाही. बारा गाण्यांची रेकॉर्ड व्हायची होती, ती सातांवर थांबली.

इथे थोडं थांबू. सगळे सांगतात ती गोष्ट 'नाव बदललं नाही म्हणून संधी हुकली' एवढीच असते. आमच्या मते खरी मेख पुढे आहे. मूळ टेप भावांनी स्वतःकडे घेतल्या. कंपनीशी करार झाला असता तर त्या टेप कंपनीच्या गोदामात गेल्या असत्या. कदाचित रेकॉर्ड निघाली असती, कदाचित नसतीही. आणि नसती निघाली, तर त्या टेपना हात लावायचा अधिकारही या तिघांना उरला नसता.

१९७६ मध्ये त्यांनी स्वतःच्या पैशानं दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड काढली. प्रती पाचशे. रेडिओवाल्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. १९७७ पर्यंत बँड संपला. भाऊ व्हरमॉन्ट राज्यातल्या बर्लिंग्टनला गेले. तिथे वेगळ्या नावानं भक्तिपर रॉक वाजवलं. १९८२ मध्ये डेव्हिड डेट्रॉइटला परतला. बॉबी आणि डॅनिस तिथेच राहिले, रेगे वाजवू लागले, संसार केले. बॉबीनं आपल्या मुलांना या जुन्या बँडबद्दल फारसं काही सांगितलंच नाही. हरलेली गोष्ट कोण सांगत बसतं?

डेव्हिड २००० मध्ये कॅन्सरनं गेला. त्याच्या काही काळ आधी त्यानं त्या मूळ टेप बॉबीच्या हवाली केल्या. म्हणाला, जग एक दिवस हे शोधत येईल, तेव्हा टेप तुझ्याकडे असू देत. बॉबीनं त्या माळ्यावर ठेवल्या.

आणि जग खरंच शोधत होतं, पण दुसऱ्या टोकानं. ती पाचशे प्रतींची रेकॉर्ड हळूहळू संग्राहकांच्या हाती लागत होती. जुन्या रेकॉर्ड धुंडाळणारी ही जमात सगळीकडे असते, आपल्या चोरबाजारात रविवारी सकाळी दिसते तशीच. एकेका प्रतीला शेकडो डॉलर पडू लागले. कुणीतरी ती गाणी इंटरनेटवर चढवली. पण हे तिघं कोण, जिवंत आहेत का, आणखी गाणी आहेत का, यातलं काहीच त्या लोकांना माहीत नव्हतं. म्हणजे बघा, ज्यांच्याकडे टेप होती त्यांना ती कुणाला हवी आहे हे माहीत नव्हतं. आणि ज्यांना हवी होती त्यांना टेप आहे हेच माहीत नव्हतं. लग्नाच्या दोन्ही बाजू तयार, मध्यस्थच नाही.

मध्यस्थ निघाला बॉबीचा मुलगा ज्युलियन. तो कॅलिफोर्नियात होता. तिथल्या पार्ट्यांमध्ये एक जुनं गाणं वाजत होतं. गाणाऱ्याचा आवाज ऐकला आणि तो चमकला. हा तर आपल्या बाबांचा आवाज! त्यानं घरी फोन केला. टेप माळ्यावरून खाली आल्या. फेब्रुवारी २००९ मध्ये शिकागोच्या ड्रॅग सिटी या कंपनीनं ती सातही गाणी बाहेर काढली, मुद्रणानंतर चौतीस वर्षांनी. सगळी मिळून अर्ध्या तासाहूनही कमी. बॉबीच्या मुलांनी काका-बाबांची गाणी वाजवायला स्वतःचा बँड काढला. २०१२ मध्ये या सगळ्यावर माहितीपट आला. डेव्हिड हे बघायला नव्हता.

गोष्ट गोड आहे. पण चौतीस वर्षं जुनी टेप वाजली कशी? ताई, तुमचा प्रश्न इथे येतो.

टेप म्हणजे प्लॅस्टिकची पट्टी, आजकाल बहुतेक पॉलिएस्टरची, आणि तिच्यावर लोखंडाच्या ऑक्साइडची अतिशय बारीक पूड. ती पूड पट्टीला धरून ठेवतो तो बायंडर, म्हणजे एक प्रकारचा गोंद. चुंबकाचे ठसे त्या पुडीत असतात; म्हणजे गाणं त्या पुडीत आहे. पूड सुटली की गाणं गेलं. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही नामांकित स्टुडिओ टेपांचा गोंदच हवेतलं पाणी शोषतो आणि चिकट होतो. अशी टेप यंत्रावर चढवली की ती हेडला चिकटते, किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि तपकिरी खरवड हेडवर जमते. ती खरवड म्हणजे तुमचं गाणं. यावर उपाय ऐकून लोक हसतात, पण तो खरा आहे. टेप भाजतात. खास नियंत्रित भट्टीत पन्नास-पंचावन्न अंश सेल्सियसला काही तास ठेवतात. गोंदातलं पाणी उडतं, टेप काही आठवडे वाजण्याजोगी होते, तेवढ्यात तिची डिजिटल प्रत करून घ्यायची. नंतर ती पुन्हा चिकटते. हे जाणकाराचं काम आहे. घरच्या ओव्हनमध्ये नानकटाईशेजारी ठेवायची गोष्ट नाही.

कॅसेटचं दुखणं वेगळं असतं. स्टुडिओतली टेप सेकंदाला ३८ किंवा ७६ सेंटीमीटर वेगानं पळते. कॅसेट पळते पावणेपाच सेंटीमीटरनं आणि तिची रुंदी चार मिलिमीटरलाही भरत नाही. म्हणजे एका सेकंदाचा आवाज इवल्याशा जागेत कोंबलेला. तिथे जरा चुरगळलं की शब्द जातो. कॅसेटला भाजायची गरज सहसा पडत नाही. तिच्यात बिघडतं ते स्पंजचं छोटं गादीसारखं प्रेशर पॅड. त्याचा गोंद वाळतो आणि ते गळून पडतं. रिळाची टोकं सुटतात. आणि आपल्याकडे तर बुरशी! चार महिने पाऊस, कपाट भिंतीला टेकलेलं, आणि उन्हाळ्यात माळ्याच्या स्लॅबला हात लावला तर चटका बसतो. कॅसेटच्या खिडकीतून बघा, रिळाच्या कडेला पांढुरकी जाळी दिसली तर ती बुरशी. ती वाजवली तर टेप फाटू शकते आणि यंत्रात गेलेली बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. टू-इन-वनचं तर विचारूच नका. वीस वर्षं बंद पडलेल्या यंत्राचा रबरी रूळ लिबलिबीत झालेला असतो, तो टेप गिळतो. पेन्सिल घालून गुंडाळायचा आपला जुना उपाय सगळ्यांना आठवतो, पण गिळलेल्या टेपवर पडलेली घडी पेन्सिलनं जात नाही.

असो. आता आपल्या मुलखात येऊ.

नाशिककरांना हरवलेल्या गोष्टी कुटुंबाकडे सापडतात हे सांगायची गरज नसावी. दादासाहेब फाळके इथलेच, १९४४ मध्ये इथेच वारले. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'ची चार रिळं होती. आज आपण बघतो ती पहिलं आणि शेवटचं. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांकडून मिळेल ते जमवलं, म्हणून तेवढं तरी राहिलं. (ही रिळं १९१३ चीच की १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासक अजून भांडतात.)

गाण्यांचं मात्र तसं झालं नाही. साठ-सत्तरच्या दशकांत आपल्याकडे रॉक वाजवणारे बँड होते, आणि बरेच होते. सिगारेट कंपनीनं भरवलेल्या 'सिमला बीट' स्पर्धेच्या १९७० आणि १९७१ च्या दोन एलपी निघाल्या. शिलाँगचे फेन्टोन्स, मद्रासचे कन्फ्यूजन्स अशी नावं त्यांवर आहेत. पण परदेशी गिटार, अँप्लिफायर म्हणजे आयात बंधनं आणि भरमसाट जकात. रेकॉर्ड काढायची तर दोन-तीनच कंपन्यांची दारं, आणि त्यांना सिनेमाच्या गाण्यांतून फुरसत नाही. बँडकडे स्वतःची टेप असणं जवळजवळ अशक्यच. मुंबईच्या 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट'ची एकच एलपी निघाली आणि ती पुन्हा बाजारात आली २०११ मध्ये, अमेरिकेतल्या 'नाऊ-अगेन' या छोट्या लेबलकडून.

यापेक्षा बोलकी गोष्ट चरणजित सिंग यांची. ते बँडवाले नव्हते, मुंबईच्या सिनेसंगीतातले वादक होते. १९८२ मध्ये त्यांनी रोलंड कंपनीची तीन नवी यंत्रं घेऊन भैरव, ललित, मेघमल्हार असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीनं रेकॉर्ड काढली, फारशी खपली नाही, संपलं. २००२ मध्ये एडो बाऊमन या डच संग्राहकाला ती दिल्लीतल्या एका दुकानात मिळाली. ऐकून तो उडालाच, कारण शिकागोमध्ये १९८७ च्या सुमारास जे 'अ‍ॅसिड हाउस' म्हणून गाजलं, त्याच यंत्रांचा तोच चिवचिवाट इथे पाच वर्षं आधी होता. २०१० मध्ये त्यानं ती पुन्हा काढली. सत्तरी ओलांडलेले चरणजितजी मग युरोपात जाऊन वाजवून आले. २०१५ मध्ये ते गेले. या सगळ्या काळात ते मुंबईतच तर होते! हरवलेलं कोणीच नव्हतं, फक्त विचारायला कोणी गेलं नव्हतं.

पण आम्हाला विचाराल तर आपल्याकडचं खरं 'भूमिगत' संगीत गिटारवाल्यांचं नव्हतंच. चाळीत, वस्तीत, मोर्च्यात गायलं जाणारं जलशाचं आणि शाहिरीचं गाणं, तेच या हार्डकोअरच्या जास्त जवळचं आहे. तुलना ताणू नये, दोघांचे बाप वेगळे. पण स्वतःची जागा, स्वतःचे शब्द, राग, आणि मोठ्या कंपनीशी संबंध नाही, हे सारखंच. सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या परिसरात फुटपाथवर मांडलेल्या कॅसेटी ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना कळेल.

शाहीर विलास घोगरे यांची आठवण काढू. 'आव्हान नाट्य मंच'चे गायक, मुंबईच्या वस्तीत राहणारे. आनंद पटवर्धन यांनी १९८५ च्या 'बॉम्बे: हमारा शहर' या माहितीपटात त्यांचं गाणं घेतलं. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबार झाला, दहा माणसं गेली. चारच दिवसांनी, १५ जुलैला, घोगरे यांनी आपल्या घरात जीव दिला. पटवर्धन यांनी त्यानंतर चौदा वर्षं काम करून 'जय भीम कॉम्रेड' पूर्ण केला, २०११ मध्ये. त्या चित्रपटात घोगरे यांचा चेहरा दिसतो आणि आवाज ऐकू येतो, तो असा की पडदा विसरायला होतं. कॅमेऱ्याबरोबर ध्वनिमुद्रक होता आणि त्या माणसानं ती मूळ रिळं टाकून दिली नाहीत, म्हणून तो आवाज आपल्याला मिळाला. मूळ टेप कुणाकडे होती? इथेही तोच प्रश्न.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण दर वेळी विचारलं जातं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं असतो, आणि तो सहसा निर्मात्याचा, म्हणजे ज्यानं मुद्रण करवलं त्याचा. १९८२ ची रेकॉर्ड २०४२ संपेपर्यंत कंपनीची. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे. गॅरेजमध्ये पोरांनी स्वतःच केलेलं मुद्रण पोरांचंच. पण तिथे चार वाजवणारे असतील तर चौघांना विचारा. हा कायद्याचा भाग झाला, शिष्टाचाराचाही आहे.

एका तरुण मित्रानं चिठ्ठी पाठवली आहे की "आता तर सगळं फोनवर असतं, हरवणार कसं?" याच रस्त्यानं पुढे गेलं की सुला फेस्ट भरायचं, तिथे हजारो फोन वर असायचे. छान. २०१० साली घेतलेला तुमचा फोन आत्ता कुठे आहे? चार्जर आहे? हार्ड डिस्क मरते तेव्हा किंचाळतही नाही. कॅसेट निदान तीस वर्षं रुमालात राहिली.

तर ताई, तुमची कॅसेट. तुमच्या परवानगीनं सांगतो. कवच स्क्रूचं होतं, चिकटवलेलं नव्हतं, म्हणून उघडता आलं. प्रेशर पॅड गळालेलं होतं. बुरशी एका कडेला, थोडी. ती मऊ कोरड्या कापडानं अगदी हळू काढली. रीळ नव्या कवचात घातलं. चांगलं दुरुस्त केलेलं डेक असलेल्या एका मित्राकडे नेलं, हेडचा कोन जुळवला आणि एकदाच वाजवली, संगणकावर उतरवून घेत. पहिल्या बाजूला सुरुवातीची सात मिनिटं नुसता खरखराट आहे. मग चार गाणी, त्यातली दोन पुन्हा पुन्हा, कारण ड्रमवाला दर वेळी पुढे पळतोय आणि बाकीचे त्याला शिव्या देतायत. तो भाग आम्ही कापलेला नाही. प्रत्येक गाण्याआधी एक मुलगा मराठीत एक-दोन-तीन-चार मोजतो. तो तुमचा भाऊ का, ते तुम्हीच ओळखाल. तिसऱ्या गाण्याच्या मध्ये आतून कुकरची शिट्टी होते आणि कुणीतरी "चहा!" म्हणून हाक मारतं.

दुसरी बाजू कोरी आहे. पेनड्राइव्हवर प्रत आहे, आणखी एक आमच्याकडे ठेवली आहे. तुम्ही म्हणाल तेव्हा पुसू. कॅसेट उभी ठेवा, आडवी नको, आणि भिंतीच्या कपाटात नको. माळ्यावर तर नकोच.